घरातल्या जुन्या गोष्टी गोळा करायच्यात? आधी म्हशीबद्दल विचारा

आज्जीकडनं जुन्या गोष्टी काढून घ्यायच्या असतील तर "आज्जी, पूर्वीचं काहीतरी सांग की" असं अजिबात म्हणू नका. हमखास उत्तर येतंय, "आमचं काय सांगायचं बाबा, राबलो आन खाल्लं", की संपला विषय. वस्तूला धरून विचारायचं. घरात पहिली म्हैस कुठनं आली, वडगावच्या बाजारातनं का पाव्हण्याकडनं, पैसे कुणी उसने दिले. विहीर कुणी पाडली, पाणी किती पुरुषावर (म्हणजे किती माणूस खोलीवर) लागलं. एवढं विचारलं की म्हैस राहते बाजूला आणि तो उसने पैसे देणारा, त्याच्याशी झालेलं भांडण, त्या भांडणापायी गाव सोडून गेलेला एक चुलत आज्जा, जो आजवर तुम्हाला माहीतच नव्हता, असं सगळं एकामागनं एक बाहेर पडाय लागतं.

मोबाइलवर रेकॉर्डिंग लावताना सांगूनच लावा, पण समोर हातात धरून बसू नका, माणूस लगेच भाषण दिल्यासारखं बोलतो. शेंगा फोडत किंवा लसूण सोलत बसलेले असताना शेजारी उपडा ठेवून द्यायचा. फॅन बंद करा, नाहीतर नंतर नुसती घरघर ऐकू येते.

आता वर्षाचं. "हे कुठल्या साली झालं?" याला उत्तर मिळत नाही, आणि मिळालं तरी त्यावर फार विसंबू नका. त्यापेक्षा सगळ्यांना आठवणाऱ्या घटनेला गाठ मारा. कोयनेचा भूकंप झाला तेव्हा लग्न झालेलं का? तो ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा, आपल्या कोल्हापूरकडच्या म्हाताऱ्या माणसांना ती पहाट बरोबर आठवते, कोण कुठं झोपलेलं इथपर्यंत. बाहत्तरच्या दुष्काळात मिलो (रेशनवरची परदेशी लाल ज्वारी) खाल्लेला का, तेव्हा थोरलं पोरगं केवढं होतं? त्याच्या मागं जायचं तर १ मार्च १९४९ ला कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, त्याच्या आदल्याच वर्षी गांधीहत्येनंतरची जाळपोळ. हा विषय मात्र जपून काढा, ज्याचं घर जळालं आणि जो त्याच गावात शेजारी राहत होता, दोघांच्या गोष्टी वेगळ्या असतात आणि दोघंही अजून हळू आवाजातच बोलतात. अजून मागं गेलात की १९१८ ची मानमोडी (इन्फ्लुएंझाची साथ) आणि त्याआधीचा प्लेग, गाव सोडून रानात झोपड्या घालून राहिल्याच्या गोष्टी सापडल्या तर त्या बहुतेक प्लेगच्या.

आणि शाहू महाराज! कोल्हापूर जिल्ह्यात असं घर शोधून दाखवा जिथं महाराजांनी पणजोबाच्या पाठीवर थाप मारली नाही. कुणाला पागोटं दिलं, कुणाची कुस्ती बघून खूश झाले, कुणाच्या झोपडीत भाकरी खाल्ली. सगळ्याच खोट्या म्हणाय नको, महाराज खरंच माणसांत मिसळायचे. पण आकडे घालून बघायचे. महाराज १८९४ ला गादीवर आले, १९२२ ला गेले, कुस्तीचं खासबाग मैदान झालं १९१२ ला. तुमच्या पणजोबाचा जन्मच १९१५ च्या आसपासचा निघाला तर ते खासबागेत महाराजांसमोर कुस्ती कशी मारतील? अशा वेळी गोष्ट फेकून द्यायची नाही, एक-दोन पिढ्या वर सरकवून बघायची. आपल्यात आज्जाचं नाव नातवाला ठेवतात, त्यामुळं एक पिढी आड तेच नाव येतं आणि वरच्याची कुस्ती खालच्याच्या नावावर चढते. हे इतक्या घरांत झालंय की मी तर नाव रिपीट दिसलं की आधी हीच शंका घेतो.

बायकांच्या बाजूचं बहुतेक लोक विसरतात. पणजीचं माहेर कुठलं, माहेरचं नाव काय होतं (लग्नात बदललेलं असणार), हे विचारायला आत्ती आणि मावशी गाठा, पुरुष मंडळींना यातलं काही सांगता येत नाही. जात्यावरच्या ओव्या कुणाला येत असतील तर पहिल्यांदा त्या रेकॉर्ड करा, त्यात भावाचं नाव, माहेरचं गाव, वाटेतला देव असं बरंच बसलेलं असतं.

गावात हेळवी येत असेल तर सोडू नका. नव्या पोरांना ठाऊक नसेल, हे लोक कर्नाटकाकडनं येतात, पूर्वी बैल घेऊन यायचे, आणि पिढ्यान्‌पिढ्या ठरलेल्या घराण्यांची वंशावळ सांगतात. मूळ गाव कुठलं, तिथनं कोण कुठं गेलं, कुणाला किती पोरं, वहीतनं धडाधड वाचतात. धान्य, कापड, पैसे जे काय द्यायचं ते मन मोठं करून द्या, आणि नवीन जन्मलेल्यांची नावं तिथंच लिहून घ्यायला लावा. त्यांची वही आणि तुमच्या आज्जीची गोष्ट जुळली नाही तर दोन्ही लिहून ठेवा, कोण काय म्हणालं ते नावासकट.

मग कागद. जुना सातबारा आणि त्यावरचे फेरफार (जमिनीच्या हक्कातल्या बदलाच्या नोंदी) काढा, त्यातली वारसनोंद म्हणजे खजिना, कोण कधी वारलं आणि मागं कोण कोण राहिलं, लेकीसुद्धा. कोतवाल बुकाची (गावातल्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीची) नक्कल तहसीलमध्ये मागा, गावच्या शाळेचं जुनं रजिस्टर बघा. शाळेतली १ जून ही जन्मतारीख मात्र खरी धरू नका, ती बऱ्याचदा गुरुजींनी अंदाजानं घातलेली असते. कागदावर शके असेल तर इसवी सनासाठी त्यात ७८ मिळवा, फसली (जुना महसुली सन) असेल तर साधारण ५९०. मोडीतला कागद निघाला तर घाबरू नका, कोल्हापुरात पुराभिलेखागार आहे, मोडी वाचणारी माणसंही मिळतात.

फक्त एक करा, तलाठ्याकडं जायच्या आधी थोरल्या काकांना फोन करून कशासाठी जाताय ते सांगा. नाहीतर तुम्ही फेरफार मागितल्याची बातमी तुमच्या आधी घरी पोचते, आणि वाटणी मागायला आलाय म्हणून भाऊबंद दारातच उभे.