शेअर पोर्टफोलिओचा खरा नफा कसा काढावा

ब्रोकरच्या ॲपमध्ये होल्डिंग्जच्या पानावर दिसणारा हिरवा आकडा फक्त हातात उरलेल्या शेअरचा असतो. तोट्यात विकलेले शेअर त्या पानावरून निघून जातात, त्यामुळे पडके शेअर काढून टाकले की पोर्टफोलिओ आपोआप देखणा दिसू लागतो. खरा हिशेब स्वतःच मांडावा लागतो.

आधी ब्रोकरकडून लेजर (खात्यात आलेल्या-गेलेल्या पैशांची नोंद) आणि टॅक्स पी अँड एल (विकलेल्या शेअरच्या नफा-तोट्याचा अहवाल) डाउनलोड करा. लाभांश थेट बँकेत येतो, म्हणून बँकेचं स्टेटमेंटही हवं.

आता एक्सेल किंवा गुगल शीटमध्ये दोन रकाने करा: तारीख आणि रक्कम. ट्रेडिंग खात्यात भरलेला प्रत्येक पैसा उणे चिन्हाने लिहा. काढलेले पैसे आणि लाभांश अधिक चिन्हाने. शेवटच्या ओळीत आजची तारीख आणि आजचं मूल्य. खात्यात पडून असलेली रोकड यात धरायचीच, तीही तुमचीच गुंतवणूक आहे. मग एक्सआयआरआरचं (XIRR) सूत्र लावा; ते प्रत्येक रकमेची तारीख धरून वार्षिक परतावा काढतं. प्रत्येक सौद्याऐवजी लेजरमधून आकडे घेतले की ब्रोकरेज, एसटीटी (शेअर व्यवहारावरचा कर), डीपी चार्जेस (डिमॅट खात्यातले शेअर विकताना लागणारं शुल्क) वेगळे वजा करायला नकोत. ते आधीच कापलेले असतात.

समजा, १ एप्रिल २०२४ ला १ लाख आणि १ जानेवारी २०२५ ला आणखी १ लाख भरले. ३१ मार्च २०२५ ला मूल्य २,१६,००० झालं. साधा परतावा ८ टक्के, पण एक्सआयआरआर सुमारे १३ टक्के येतो, कारण दुसरा लाख तीनच महिने कामाला होता. उत्तराऐवजी एरर आली तर बहुतेक वेळा सगळ्या रकमांचं चिन्ह एकच असतं, नाहीतर तारखा मजकूर म्हणून साठलेल्या असतात. वर्षाच्या आतल्या पोर्टफोलिओला मात्र हे सूत्र लावू नका. महिन्यात मिळालेले ४ टक्के ते वार्षिक ६० टक्के करून दाखवतं.

१३ टक्के चांगले की वाईट, हे एकट्या आकड्यावरून कळत नाही. त्याच तारखांना तेवढेच पैसे निफ्टी ५० इंडेक्स फंडाच्या ग्रोथ पर्यायात (यात लाभांश फंडातच राहतो) टाकले असते, असं धरा. रकमेला त्या दिवसाच्या एनएव्हीने (एका युनिटच्या किमतीने) भागून युनिट काढा, मध्ये पैसे काढले असतील तर तेवढी युनिट वजा करा, उरलेल्यांना आजच्या एनएव्हीने गुणा आणि पुन्हा एक्सआयआरआर. नुसत्या निफ्टीच्या आकड्याशी तुलना केली तर त्यात लाभांश नसतो आणि आपण उगाच हुशार ठरतो.

मग विकलेले सौदे तपासा. दहापैकी सात नफ्यात, सरासरी १,५०० रुपये. तीन तोट्यात, सरासरी ४,००० रुपये. म्हणजे १०,५०० कमावले आणि १२,००० घालवले. नफा घाईने खिशात घालायचा आणि तोटा धरून बसायचा, ही सवय इथे उघडी पडते. इंट्राडे (त्याच दिवशी घेऊन विकलेले) आणि एफ अँड ओ (फ्युचर्स-ऑप्शन्स) सौद्यांचा हिशेब वेगळाच ठेवा, नाहीतर डिलिव्हरीची, म्हणजे खात्यात घेऊन ठेवलेल्या शेअरची, कमाई त्यांचे खड्डे झाकते.

१:१ बोनसनंतर, म्हणजे एका शेअरमागे एक मोफत शेअर दिल्यावर, भाव निम्मा होतो, पण नवे शेअर खात्यात यायला थोडा वेळ लागतो. तोवर ॲप भलामोठा तोटा दाखवतं. त्या दिवशी हिशेब करू नका.

शेवटी कर. २३ जुलै २०२४ पासून १२ महिन्यांपर्यंत ठेवलेल्या शेअरच्या नफ्यावर २० टक्के, त्यापुढे वर्षाला सव्वा लाखावरच्या नफ्यावर १२.५ टक्के, वर सेस. अकराव्या महिन्यात नफ्यात विकायचं मनात आलं तर आधी खरेदीची तारीख बघा.