ड्युअल बूट मशीनवर ड्राइव्हचा आयकॉन बदलायचा, तोही दोन्हीकडे

विंडोज आणि लिनक्स एकाच लॅपटॉपवर असले की 'धिस पीसी' उघडल्यावर एकसारख्या करड्या डब्यांची रांग दिसते. चुकीच्या डब्यावर राइट क्लिक करून फॉरमॅट दाबायला एक सेकंद पुरतो, त्यामुळे आयकॉन बदलणं ही नुसती हौस नाही. पण एक गोष्ट आधी ठरवा: आयकॉन ड्राइव्हच्या अक्षराला (सी, डी, ई) चिकटवायचा की खुद्द पार्टिशनला, म्हणजे डिस्कच्या वेगळ्या केलेल्या भागाला? ड्युअल बूटवर शक्यतो पार्टिशनलाच. अक्षरं विंडोज देतं आणि ती बदलू शकतात. लिनक्सला तर ती माहीतच नसतात.

इथे उदाहरणाला नेहमीची मांडणी घेऊ: सी वर विंडोज, ई हे दोघांत वापरायचं एनटीएफएस (विंडोजची फाइल साठवायची पद्धत) पार्टिशन आणि तिसरं लिनक्सच्या पद्धतीचं, ईएक्सटी४. फाइलींची नावं खाली देवनागरीत असली तरी टाइप करताना रोमन अक्षरंच वापरा.

पहिलं काम आयकॉनची फाइल. विंडोजला आयकॉनसाठी आयसीओ प्रकारची फाइल लागते. पीएनजी चित्राचं नाव बदलून शेवटी आयसीओ लावलं की काम झालं, असं समजू नका; ती खरी आयकॉन फाइल होत नाही. जिम्प हे चित्रांचं सॉफ्टवेअर दोन्ही सिस्टिमवर फुकट चालतं, तेच वापरा. २५६ बाय २५६ पिक्सेलची पारदर्शक इमेज घ्या, चित्र काढा, लेयरच्या तीन प्रती करा आणि 'स्केल लेयर'ने त्या ४८, ३२ आणि १६ पिक्सेलच्या करा. एक्सपोर्ट करताना नाव फ्लेमिंगो.आयसीओ द्या. प्रत्येक लेयर म्हणजे आयकॉनचा एक आकार, आणि पीएनजी कॉम्प्रेशनची खूण फक्त २५६ च्या लेयरला करा. चित्र निवडताना १६ पिक्सेलचा विचार आधी करा. ठाण्याच्या तलावपाळीचा संध्याकाळचा फोटो कितीही देखणा असला तरी त्या आकारात त्याचा नुसता जांभळट ठिपका होतो. नवी मुंबईत सीवूड्सच्या पाणथळीतला फ्लेमिंगो मात्र, एक पाय आणि वाकडी मान एवढ्यावर ओळखू येतो. एका रंगाची छायाकृती घ्या आणि १६ च्या लेयरवर तपशील हाताने खोडा.

आता ई ड्राइव्ह. फ्लेमिंगो.आयसीओ थेट ई च्या मुळाशी ठेवा, कुठल्याही फोल्डरात नको. नोटपॅडमध्ये दोनच ओळी लिहा: पहिलीत चौकटी कंसात ऑटोरन, दुसरीत आयकॉन=फ्लेमिंगो.आयसीओ. सेव्ह करताना 'सेव्ह ॲज टाइप'मध्ये 'ऑल फाइल्स' आणि एन्कोडिंगला 'एएनएसआय' निवडा, नाव ऑटोरन.आयएनएफ. हमखास चूक इथेच होते: टाइप तसाच राहिला की फाइलचं खरं नाव ऑटोरन.आयएनएफ.टीएक्सटी होतं, एक्स्टेन्शन लपलेलं असल्याने कळत नाही, आणि आयकॉन ढिम्म हलत नाही. एक्सप्लोररच्या 'व्ह्यू'मधून एक्स्टेन्शन दाखवायला सांगा आणि तपासा. आयकॉनच्या ओळीत ई: असा पूर्ण पत्ता देऊ नका, नुसतं फाइलचं नाव पुरे, उद्या ई चं एफ झालं तरी आयकॉन टिकतो. मग मशीन रीस्टार्ट करा. ड्राइव्हचं नाव मराठीत हवं असेल तर ते या फाइलमधून न देता एक्सप्लोररमध्येच 'रीनेम' करा, नाहीतर अक्षरांची खिचडी होते.

एवढं करूनही आयकॉन आला नाही तर बहुतेक वेळा अँटिव्हायरसने फाइल उचललेली असते. ऑटोरनचा वापर करून पसरणाऱ्या व्हायरसांमुळे या नावावर अँटिव्हायरसांचा राग जुना आहे. कंपनीच्या लॅपटॉपवर ऑटोरन धोरणानेच बंद असू शकतं. तिथे आयटीवाल्यांशी वाद घालण्यात अर्थ नाही.

सी साठी वेगळी वाट. सी चं अक्षर सहसा बदलत नाही, म्हणून रजिस्ट्री, म्हणजे विंडोजची सेटिंग्जची नोंदवही बरी. ती बदलायचं रेगएडिट उघडा, एचकेईवाय लोकल मशीन, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंटव्हर्जन, एक्सप्लोरर असं आत जा. तिथे ड्राइव्हआयकॉन्स नावाची 'की' (फोल्डरसारखा कप्पा) नसेल तर बनवा, तिच्या आत सी, सी च्या आत डिफॉल्टआयकॉन. उजवीकडच्या 'डिफॉल्ट' व्हॅल्यूत आयसीओ फाइलचा पूर्ण पत्ता टाका. नको झालं तर सी ही 'की' उडवा, बाकी कशाला हात नको.

लिनक्सच्या पार्टिशनला विंडोजमध्ये आयकॉन देण्याच्या भानगडीत पडू नका. विंडोजला ईएक्सटी४ आपणहून वाचता येत नाही. त्या पार्टिशनला चुकून अक्षर मिळालं असेल तर उघडताक्षणी 'वापरण्यापूर्वी फॉरमॅट करा' अशी खिडकी येते. 'कॅन्सल' करा, डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन ते अक्षर काढून टाका.

लिनक्सकडे वळण्याआधी विंडोजचं 'फास्ट स्टार्टअप' बंद करा: कंट्रोल पॅनल, पॉवर ऑप्शन्स, पॉवर बटणांचं पान. ते चालू असेल तर शटडाउन म्हणजे अर्धवट झोप असते, एनटीएफएस पार्टिशनची स्थिती विंडोजने धरून ठेवलेली असते. मग लिनक्स ते फक्त वाचायला देतं किंवा माउंटच करत नाही, म्हणजे वापरायला जोडतच नाही, आणि जबरदस्तीने लिहिलंत तर डेटा बिघडू शकतो.

उबुंटू या लिनक्समध्ये 'डिस्क्स' उघडा, पार्टिशन निवडा, दातेरी चाकातून 'एडिट माउंट ऑप्शन्स'. वरचं 'यूझर सेशन डिफॉल्ट्स' बंद केलं की खालचे रकाने खुले होतात. 'डिस्प्ले नेम'मध्ये नाव, 'आयकॉन नेम'मध्ये आयकॉनचं नाव. इथे फाइलचा पत्ता नव्हे, आयकॉन थीममधलं नाव लागतं, उदाहरणार्थ ड्राइव्ह-हार्डडिस्क. फाइल मॅनेजरच्या डावीकडच्या पट्टीत रंगीत आयकॉन दिसत नाही, तिथे एकरंगी चिन्ह येतं. त्यासाठी 'सिम्बॉलिक आयकॉन नेम' हा वेगळा रकाना आहे. रंगीत आयकॉन टाकून 'बदललाच नाही' म्हणणारे इथेच अडतात. 'आयडेंटिफाय ॲज'मध्ये यूयूआयडीचा, म्हणजे पार्टिशनच्या स्वतःच्या ओळख क्रमांकाचा पर्याय घ्या. माउंट ऑप्शन्सच्या ओळीतला 'नोफेल' शब्द पुसू नका. तो नसेल आणि पार्टिशन कधी सापडलं नाही तर मशीन सुरू होताना थेट इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन बसतं.

विंडोजसाठी ठेवलेल्या दोन फाइली लिनक्समध्ये उगाच डोळ्यांत येतात. ई च्या मुळाशी .हिडन नावाची साधी टेक्स्ट फाइल करून त्यात त्या दोघींची नावं एकेका ओळीवर लिहा आणि एफ५ दाबा.

मशीन सुरू होतानाच्या मेनूतही आयकॉन हवे असतील तर ग्रबला (लिनक्ससोबत येणारा, सिस्टिम निवडायचा मेनू दाखवणारा बूटलोडर) ग्राफिक थीम लागते, साध्या मेनूत नुसती अक्षरं असतात. थीमच्या आयकॉन्स फोल्डरात विंडोज.पीएनजी आणि उबुंटू.पीएनजी बदला. ग्रबऐवजी रीफाइंड हा मेनू वापरत असाल तर १२८ पिक्सेलची पीएनजी बूटलोडरच्याच फोल्डरात, बूटलोडरच्याच नावाने ठेवा. ही फाइल ईएफआय पार्टिशनमध्ये, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या फाइलींच्या छोट्या पार्टिशनमध्ये जाते आणि ते बहुधा १०० एमबीचं असतं, तेव्हा तिथे आयकॉनचा साठा करू नका.