कॉलेजातल्या ‘मामां’चा सेवागौरव कसा करावा

शिपाई, परिचर, पहारेकरी यांना आपण कॉलेजात ‘मामा’ म्हणतो आणि झाडलोट करणाऱ्या बाईंना ‘मावशी’. हाक मायेचीच आहे. पण तीस वर्षं ज्यांच्या हातचा चहा घेतला, त्यांचं पूर्ण नाव अर्ध्या स्टाफरूमला सांगता येत नाही. मग निवृत्तीचा दिवस उजाडतो, कुणीतरी घाईने शाल-श्रीफळ आणतं, प्राचार्य दोन शब्द बोलतात, आणि वार्तापत्रात एक ओळ येते: ‘समारंभ उत्साहात संपन्न झाला.’

कॉलेजचं वार्तापत्र आणि छोटेमोठे कार्यक्रम मी बरीच वर्षं सांभाळत आले आहे. पहिल्या-पहिल्यांदा केलेला एक सत्कार अजून मनाला लागून आहे. मानपत्र सुंदर छापलं होतं, जाड कागद, सोनेरी किनार. त्यावर मामांच्या वडिलांचं नाव चुकलं होतं. ते काही बोलले नाहीत, नमस्कार करून घेऊन गेले. पुढे एकदा त्यांच्या घरी गेले, तेव्हा भिंतीवर मुलीच्या पदवीची फ्रेम होती, नातवाचा फोटो होता. मानपत्र नव्हतं. तेव्हापासून मी जी पद्धत पाळते, ती इथे लिहिते आहे.

आधी तारीख बघा

नोकरीला लागतानाच निवृत्तीची तारीख ठरलेली असते, तरी दरवेळी ती सगळ्यांना अचानक आल्यासारखी वाटते. महाराष्ट्रात शिक्षकेतरांपैकी चतुर्थ श्रेणीचे कर्मचारी 60 व्या वर्षी निवृत्त होतात, लिपिकवर्ग 58 व्या. ज्या महिन्यात वय पूर्ण होतं, त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी सेवा संपते. जन्म महिन्याच्या 1 तारखेचा असेल, तर मात्र आधीच्या महिन्याच्या अखेरीस.

हा शेवटचा नियम नीट लक्षात घ्या, कारण आपल्याकडे एका पिढीतल्या कितीतरी जणांची जन्मतारीख 1 जून आहे. शाळेत नाव घालताना खरी तारीख कुणाला ठाऊक नसायची, मग गुरुजी शाळा सुरू होण्याच्या हिशेबाने 1 जून लिहून टाकायचे. ही सगळी माणसं 31 मे रोजी निवृत्त होतात. 31 मे म्हणजे भर सुट्टी. पोरं गावाला, प्राध्यापक पेपर तपासणीत नाहीतर बाहेरगावी, कँटीन बंद. आयुष्यातली उमेदीची वर्षं जिथे घालवली, तिथून माणूस रिकाम्या व्हरांड्यातून एकटा बाहेर पडतो.

म्हणून जूनमध्ये, शैक्षणिक वर्ष सुरू होतानाच, कार्यालयातून वर्षभरात निवृत्त होणाऱ्यांची यादी मागून घ्या. ज्यांची तारीख एप्रिल-मेमध्ये पडते, त्यांचा कार्यक्रम फेब्रुवारीत किंवा मार्चच्या सुरुवातीला, विद्यार्थी आवारात असताना उरका. निवृत्तीच्या दिवशीच सत्कार व्हावा असा कुठेही नियम नाही.

कामाशी जुळणारा दिवस मिळाला तर उत्तमच. प्रयोगशाळेतल्या माणसासाठी 28 फेब्रुवारीचा विज्ञान दिन. सर चं. वें. रामन यांनी 1928 मध्ये याच दिवशी आपला शोध जाहीर केला. ग्रंथालयातल्यांसाठी 12 ऑगस्ट, ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांच्या स्मरणार्थ साजरा होणारा ग्रंथपाल दिन. विद्यापीठाचा वर्धापनदिनही चांगला मुहूर्त आहे: पुण्याचा 10 फेब्रुवारी, कोल्हापूरचा 18 नोव्हेंबर, नागपूरचा 4 ऑगस्ट, छत्रपती संभाजीनगरचा 23 ऑगस्ट.

सेवापुस्तक वाचा, मग माणसाला विचारा

पूर्ण नाव, वडिलांचं नाव, आडनावाची ऱ्हस्व-दीर्घ वेलांटी आणि रुजू झाल्याची तारीख सेवापुस्तकातून उतरवून घ्या. आठवणीवर किंवा मोबाइलमध्ये ‘मामा लॅब’ म्हणून जतन केलेल्या नावावर विसंबू नका. उतरवलेला कागद त्यांनाच दाखवा आणि घरी नाव कसं लिहितात ते विचारा.

सेवापुस्तकात न सापडणारी एक गोष्टही विचारून घ्या: कायम होण्यापूर्वी किती वर्षं रोजंदारीवर काढली? सेवापुस्तक 28 वर्षं सांगतं, माणूस 35 वर्षं त्याच दारातून आत येत असतो. पेन्शनच्या हिशेबात ती सात वर्षं येवोत न येवोत, तुमच्या भाषणात आणि बातमीत ती आलीच पाहिजेत.

याच सुमारास लेखनिकांकडे चौकशी करा की पेन्शनचे कागद कुठवर आले. निवृत्तीच्या निदान सहा महिने आधी ते हलायला हवेत. ग्रंथालय, भांडार, पतसंस्था यांची ना-देय प्रमाणपत्रंही (काही देणं बाकी नसल्याचे दाखले) वेळेत जमवायला कुणीतरी मदत केली पाहिजे. समारंभात कौतुकाची बरसात आणि पुढे वर्षभर त्याच माणसाच्या कार्यालयात खेपा, असं होऊ देऊ नका. शाल नसली तरी चालेल, कागद पूर्ण हवेत.

तासभर बसून बोला

सगळ्यांत जास्त वेळ द्यायचा तो इथे, आणि नेमकी हीच पायरी गाळली जाते. ‘प्रामाणिक, कष्टाळू, मनमिळाऊ’ ही तीन विशेषणं कुणालाही लागू पडतात, म्हणून ती कुणाचीच नसतात. माणसाचं काम नेमकं काय होतं, ते शोधा.

रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतल्या एका परिचर मामांशी मी अशी बोलायला बसले होते. सुरुवातीला ते म्हणाले, ‘‘काय सांगायचं मॅडम, बाटल्या धुतल्या.’’ मी म्हटलं, सकाळी कुलूप उघडल्यापासून सांगा. मग हळूहळू एकेक गोष्ट येऊ लागली. आयोडीनच्या अनुमापनाचं प्रॅक्टिकल असेल, त्या दिवशी ते साडेसातलाच येत, कारण स्टार्चचं द्रावण ताजंच लागतं. कालचं वापरलं तर निळा रंग नीट उठत नाही आणि पोरांची रीडिंगं चुकतात. आधी चिमूटभर स्टार्च थंड पाण्यात कालवायचं, मग उकळत्या पाण्यात सोडायचं, सारखं ढवळत राहायचं, नाहीतर गुठळ्या होतात. ‘‘खळ करतो तसंच,’’ ते म्हणाले. फेरस सल्फेटच्या पाण्यात थोडं सल्फ्युरिक आम्ल घालायला विसरलं की ते तांबूस पडतं, हेही त्यांनीच सांगितलं. ब्युरेट फुटल्यावर रडवेल्या झालेल्या पहिल्या वर्षाच्या पोरीला ब्रेकेजच्या वहीत नोंद कशी करायची ते शांतपणे दाखवणारे तेच. परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले की कुणाच्या टेबलावर कोणत्या क्रमांकाचा नमुना ठेवला आहे, याचा चकार शब्द कधी त्यांच्या तोंडून बाहेर पडला नाही.

हे ऐकत असताना माझ्याच लक्षात आलं की त्या प्रयोगशाळेतून बाहेर पडलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या जर्नलमध्ये या माणसाचा हात आहे.

बोलण्यासाठी स्टाफरूम किंवा प्राचार्यांची केबिन निवडू नका. तिथे ते खुर्चीच्या कडेवर अवघडून बसतील. त्यांच्या कामाच्या जागी जा: प्रयोगशाळेत, बागेत, झेरॉक्सच्या खोलीत, गेटवरच्या चौकीत. हातात नेहमीची वस्तू आली की आठवणी आपोआप येतात. विचारायचे प्रश्न साधे ठेवा. पहिल्या दिवशी काय काम दिलं होतं? कोणत्या कामाला दुसऱ्या कुणी हात लावलेला आवडत नाही? कोणता विद्यार्थी अजून भेटायला येतो? पहिला पगार कशात गेला? हा शेवटचा प्रश्न कधीच वाया जात नाही.

यातलं काय छापायचं नाही, हेही विचारा. घरची अडचण, आजारपण, कर्ज त्यांनी विश्वासाने सांगितलेलं असतं. ते तुमच्यापाशीच राहू द्या.

मानपत्र

एक पान पुरे. ‘आपल्या कर्तव्यदक्षतेच्या सुगंधाने हा ज्ञानमंदिराचा परिसर दरवळून गेला’ अशी वाक्यं लिहू नका. ऐकताना छान वाटतात, पण घरी गेल्यावर बायको-मुलांनी वाचली तर त्यांना आपला माणूस त्यात दिसत नाही. त्याऐवजी लिहा: ‘प्रॅक्टिकलच्या दिवशी आपण सकाळी साडेसातला येऊन स्टार्चचं द्रावण करीत असा.’ मानपत्राची भाषा थोडी भारदस्त असायला हरकत नाही, मजकूर मात्र त्यांचाच हवा. छापायला देण्याआधी दोघांनी मोठ्याने वाचा, एक वाचणारा आणि एक सेवापुस्तकाचा उतारा हातात धरून ताडून बघणारा.

कार्यक्रम

तासाभरात आटपेल असा बेत करा. दीपप्रज्वलन, स्वागत, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, पाहुण्यांचा सत्कार, एवढं होईपर्यंत पाऊण तास जातो आणि ज्यांच्यासाठी सगळं चाललं आहे ते कोपऱ्यातल्या खुर्चीत रुमालाने घाम पुसत बसलेले असतात. क्रम उलटा करा. प्रास्ताविक पाच मिनिटांत उरकून लगेच सत्कार घ्या. पाहुणे नंतर बोलतील.

सत्कारमूर्तींची खुर्ची मधोमध हवी, बाजूला नको. घरच्यांना आवर्जून बोलवा आणि निमंत्रण घरी जाऊन द्या. सत्कार जोडीने करायचा असेल, तर त्यांच्या पत्नीला किंवा पतीला ते चालेल का, हे आधी विचारा. ज्या बाईंचे पती हयात नाहीत त्यांना व्यासपीठावर खणा-नारळाच्या प्रसंगात अवघडल्यासारखं होऊ नये. अशा वेळी आम्ही सरसकट सगळ्यांना पुस्तक आणि साडी किंवा शाल देतो, ओटी भरत नाही. कुठल्याही रीतीपेक्षा त्यांचा मान मोठा.

एक माजी विद्यार्थी आणि एक सहकारी शिपाई, हे दोन वक्ते ठेवाच. प्राध्यापक चांगलं बोलतात, पण सोबत काम केलेला माणूस चार वाक्यांत जे सांगतो ते वेगळंच असतं. सत्कारमूर्तींना बोलायचा आग्रह जरूर करा, सक्ती नको. काहींना माइकपुढे शब्द सुचत नाहीत. त्यांनी सांगितलेल्या दोन आठवणी सूत्रसंचालकाने त्यांच्या वतीने सांगितल्या तरी त्यांचा चेहरा खुलतो.

वर्गणी काढत असाल तर रक्कम ठरावीक आणि लहान ठेवा, आणि कुणी किती दिले त्याची यादी फळ्यावर लावू नका. भेटवस्तू काय हवी ते घरच्यांना विचारून घ्या. भिंतीवरची घड्याळं प्रत्येकाकडे चार-चार साठलेली असतात.

फोटो

हल्ली नॅकच्या (महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या) फायलीसाठी जिओटॅग असलेला फोटो लागतो, ज्यात खाली नकाशा, अक्षांश-रेखांश आणि वेळ छापलेली असते. तो एक काढून ठेवा. पण घरच्यांना देण्याचा आणि वार्तापत्रात छापण्याचा फोटो वेगळा, स्वच्छ काढा. दोघांना सांगा की शाल घालताना कॅमेऱ्याकडे बघू नका, एकमेकांकडे बघा. सगळ्यांत चांगला फोटो बहुतेक वेळा आदल्या दिवशी कामाच्या जागी काढलेला असतो: बाह्या सरसावलेल्या, मागे बाटल्यांची मांडणी, हातात किल्ल्यांचा जुडगा. फोटोओळीत ‘डावीकडून’ असं लिहून प्रत्येकाचं पूर्ण नाव द्या. ‘व इतर मान्यवर’ हे शब्द फोटोओळीत येऊच देऊ नका. त्या ‘इतर’मध्ये बहुधा शिक्षकेतरच असतात.

बातमी

नेहमीची बातमी अशी असते: ‘महाविद्यालयात मा. अध्यक्षांच्या अध्यक्षतेखाली व मा. प्रमुख पाहुण्यांच्या शुभहस्ते सेवागौरव समारंभ संपन्न झाला. यावेळी मान्यवर मोठ्या संख्येने उपस्थित होते.’ गौरव कुणाचा झाला, हे कळायला तिसरं वाक्य गाठावं लागतं.

पहिलं वाक्य त्यांच्या नावाने सुरू करा. ‘रसायनशास्त्र प्रयोगशाळेचे परिचर’, पुढे पूर्ण नाव, ‘35 वर्षांच्या कामानंतर 31 मे रोजी निवृत्त होत आहेत, त्यापैकी पहिली सात वर्षं त्यांनी रोजंदारीवर काढली.’ दुसऱ्या वाक्यात त्यांचं एखादं नेमकं काम. तिसऱ्यात त्यांचं स्वतःचं एखादं वाक्य, जसं बोलले तसंच, शुद्ध न करता. समारंभ कधी झाला आणि कोण आलं होतं, ते शेवटी दोन ओळींत. पाहुण्यांना राग येईल अशी भीती वाटते, पण माझ्या अनुभवात आजवर एकही पाहुणा रागावलेला नाही. छापण्याआधी बातमी सत्कारमूर्तींना वाचून दाखवा. वाचून दाखवा म्हणते आहे, कारण चष्मा घरी राहिला असं सांगणाऱ्या प्रत्येकाचा चष्मा खरंच घरी राहिलेला नसतो.

मस्टरवर नाव नसलेली माणसं

आता अनेक ठिकाणी गेटवरचे पहारेकरी आणि सफाईच्या मावशी कंत्राटदाराकडून येतात. त्यांना सेवापुस्तक नाही, निवृत्तीची तारीख नाही. कंत्राट बदललं की एका सोमवारी त्या जागी दुसरीच माणसं दिसतात. यांचा निरोप समारंभ कधीच होत नाही, कारण ही माणसं जाणार हे आपल्याला माहीतच नसतं. मला ही गोष्ट फार टोचते. म्हणून वार्तापत्राच्या प्रत्येक अंकात एक चौकट राखून ठेवा आणि आज आवारात काम करणाऱ्या एका कंत्राटी व्यक्तीची ओळख, तिच्या परवानगीने, फोटोसह छापा. त्यासाठी तारखेची वाट बघावी लागत नाही.

अंक छापून आला की दोन प्रती घरी नेऊन द्या, एक वापरायला आणि एक जपायला. तिसरी ग्रंथालयात बांधणीला पाठवा. समारंभाच्या छापील फोटोंच्या मागे पेन्सिलने तारीख, जागा आणि सगळ्यांची पूर्ण नावं लिहा. शाईच्या पेनाने लिहू नका, ती पुढच्या बाजूला उमटते.