ब्रेकची हवा घरी काढताय? या चुका टाळा

तालुक्याचं गॅरेज लांब, म्हणून गावाकडे बरेच जण अंगणातच ब्रेकची हवा, म्हणजे ऑइलच्या पाइपात अडकलेली हवा, काढतात. रिंग पाना, सलाइनची नळी, रिकामी बाटली आणि पेडल दाबायला एक पोरगा, एवढ्यावर काम होतं. बिघडतं ते कोठीतल्या जुन्या ब्रेक ऑइलमुळे.

मीही ते केलंय. पावसाळ्यात फोडलेली अर्धी बाटली युरियाच्या पोत्याशेजारी पडून होती, तीच उन्हाळ्यात ओतली. चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे उतरताना निम्म्या घाटात पेडल गादीवर पाय पडल्यागत मऊ झालं. गिअर खाली घेत, हँडब्रेक हळूहळू ओढत कशीबशी गाडी कडेला लावली. अर्ध्या तासाने गार झाल्यावर पेडल पुन्हा ठीक! ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढून घेतं. कोरडं डॉट ४ (ब्रेक ऑइलची एक ग्रेड) किमान २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही; ओल मुरली की ही हद्द १५५ पर्यंत उतरते. ऑइल उकळलं की वाफ होते, आणि पायाचा जोर ती वाफ दाबण्यातच जातो. म्हणून सीलबंद बाटलीच घ्या, बॉनेटखालच्या ब्रेक ऑइलच्या डबीच्या झाकणावर लिहिलेल्याच ग्रेडची. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळायचं नाही.

दुसरी चूक घाईची. पोरगा पेडल दाबून धरतो, "दाबलं काका" म्हणतो. तुम्ही निप्पल (चाकाजवळचा हवा काढायचा स्क्रू) पाव आटा ढिली करता, नळीत बुडबुडे दिसतात, पेडल खाली जातं. निप्पल पक्की आवळल्यावरच "सोड" म्हणायचं. पोराने आधी पाय उचलला की हवा परत आत. नळीचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडालेलं ठेवा. चार-पाच दाबांनंतर वरची डबी बघा. ती आटली तर सगळं पहिल्यापासून. जुन्या गाडीत पेडलखाली लाकडी ठोकळा ठेवा, नाहीतर मास्टर सिलेंडरचं (पेडलच्या जोराने ऑइल ढकलणाऱ्या पंपाचं) रबर तळाच्या गंजलेल्या भागावर घासून फाटतं. सुरुवात बहुधा सगळ्यात लांबच्या, म्हणजे मागच्या डाव्या चाकापासून होते. पण काही गाड्यांचा क्रम वेगळा असतो, मॅन्युअल पाहा.

आपल्या काळ्या मातीत जॅक रुततो. खाली जाड फळी घ्या, चाकांना दगड लावा, आणि नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली शिरू नका. निप्पल गंजली असेल तर पान्यावर लाथ मारू नका, मोडली की कॅलिपरच (ब्रेक पॅड दाबणारा भाग) उतरवावं लागतं. रबराला डिझेल-पेट्रोल लागू देऊ नका, ते फुगतं. ऑइल रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाणी ओता.

हवा काढूनही पेडल दाबून धरल्यावर हळूहळू खाली जात असेल आणि बाहेर कुठे गळती नसेल, तर मास्टर सिलेंडरचं रबर गेलंय. इंजिन चालू असताना पेडल दगडासारखं लागत असेल तर बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा भाग) किंवा त्याचा व्हॅक्यूम पाइप बघा. ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढते? कॅलिपरची पिन जाम असू शकते. एबीएसच्या (ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) युनिटमध्ये हवा शिरली असेल तर मात्र बऱ्याचदा स्कॅनर, म्हणजे गाडीच्या संगणकाला जोडायचं यंत्र, लागतो. अशी गाडी चालवत नेऊ नका, टोचन करून गॅरेजला न्या.