सायलेंट शटर लावून फोटो काढताय? या चुका टाळा

दर सीझनला तेच पट्ट्या पडलेले, वाकडे फोटो आणि तोच प्रश्न, "दादा कॅमेरा बिघडलाय का?" नाही बिघडलेला. तुम्ही शटर स्पीड १/५०० ठेवलंत म्हणजे अख्खा फोटो १/५०० सेकंदात निघाला असं तुम्ही धरून चालता, तिथेच गडबड होते.

सायलेंट म्हणजेच इलेक्ट्रॉनिक शटरमध्ये सेन्सरची एकेक ओळ रीसेट होते, ठरलेला वेळ प्रकाश घेते आणि वाचली जाते, मग खालची ओळ, मग तिच्याखालची. १/५०० हा एका ओळीचा वेळ. वरपासून खालपर्यंत सगळ्या ओळी वाचून व्हायला साध्या सेन्सरला १/२० सेकंद सहज लागतो, आणि शटर स्पीड कितीही वाढवा, हा वेळ कमी होत नाही.

आता पट्ट्यांचं. ठाण्यात एका हॉलमध्ये कथकचा कार्यक्रम होता, आमच्या ओळखीच्या एका मुलाने सगळा सायलेंट मोडवर १/५०० ने शूट केला. प्रत्येक फोटोत आडव्या काळ्या पट्ट्या, एक तर बरोबर नाचणारीच्या डोळ्यांवरून गेलेली. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे साधे लाइट सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात, त्यामुळे १/२० सेकंदाच्या वाचनात पाच पट्ट्या येणारच. त्याने मध्येच घाईघाईत १/१००० केलं आणि पट्ट्या अजून गडद झाल्या! त्या मुलीच्या आईला काय दाखवायचं सांगा. एडिटिंगमध्ये काढू म्हणणाऱ्यांनी एकदा चेहऱ्यावरची पट्टी काढून बघावी.

मी हॉलमध्ये १/१०० किंवा १/५० च ठेवतो, म्हणजे प्रत्येक ओळीला लाइटची पूर्ण सायकल मिळते. नाचणारीचे हात हलून धूसर येतात म्हणता? तिहाई (तीनदा येणारा तुकडा) संपून समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर आली की ती क्षणभर थांबते, तेव्हा दाबा. ताल ऐकायचा कंटाळा असेल तर स्टेजचे फोटो काढूच नका, स्पष्ट सांगतो. आणि आवाज चालत असेल तर सरळ मेकॅनिकल शटर (खरोखरचा पडदा हलतो ते) लावा, तबल्यात कोणाला ऐकू येतंय. काही एलईडी वेगळ्याच फ्रिक्वेन्सीवर चालतात, म्हणून मी लवकर जाऊन पांढऱ्या पडद्याचा एक फोटो काढतो आणि झूम करून बघतो. दोन मिनिटांचं काम आहे, पण कोणी करत नाही.

ऐरोलीच्या खाडीत फ्लेमिंगो उडताना पंख वाकडे येतात आणि प्लॅटफॉर्मवरून धावती लोकल तिरकी दिसते, त्याचंही कारण हेच, खालच्या ओळी वाचेपर्यंत गाडी पुढे सरकलेली असते. इथेही मेकॅनिकल.

फ्लॅश आणि इलेक्ट्रॉनिक शटर एकत्र नको, बहुतेक कॅमेऱ्यांत चालतच नाही.

आयएसओ (फोटो उजळ करायची सेटिंग) वाढवून सेन्सरवर जास्त प्रकाश पडत नाही, आलेला सिग्नल फक्त वाढवला जातो. फोटोत पांढरं जळलं की तिथलं डिटेल गेलं.

मोठं अॅपर्चर (लेन्सचं छिद्र) आणि १/२००० च्या पुढे गेलात तर इलेक्ट्रॉनिक फर्स्ट कर्टन (सुरुवात सेन्सर करतो, शेवट पडदा, तो मोड) बंद करा, मागचा ब्लर कापल्यासारखा येतो.

आणि "ग्लोबल शटर घेतो, प्रश्नच मिटला" म्हणणाऱ्यांसाठी: सोनीने २०२३ मध्ये ए९ थ्री कॅमेरा जाहीर केला, त्यात सगळ्या ओळी एकदम उघडतात, पट्ट्या जातात, गाडी सरळ येते. पण त्याच हॉलमध्ये १/५०० ने बर्स्ट मारलात (धडाधड एकामागोमाग फोटो काढलेत) तर एक फोटो उजळ आणि पुढचा काळपट येऊ शकतो, कारण लाइट तसाच लुकलुकतोय. तिथेही १/१००.