युझरच्या हाती सबव्हॉल्यूम देण्याआधी

बीटीआरएफएस या लिनक्सच्या फाइलसिस्टिमचा कोटा, म्हणजे जागेची मर्यादा, माणसावर बसत नाही; सबव्हॉल्यूमवर, म्हणजे डिरेक्टरीसारख्या दिसणाऱ्या स्वतंत्र भागावर बसतो. पुढची बहुतेक तयारी यातूनच निघते.

होम डिरेक्टरी रिकामी असतानाच सबव्हॉल्यूम म्हणून बनवा, मालकी युझरला द्या, परवानगी ०७०० (फक्त मालकाला प्रवेश) ठेवा. कोटाही डेटा येण्याआधीच सुरू करा. भरलेल्या डिस्कवर सुरू केलात तर रीस्कॅन (जागेची पुन्हा मोजणी) संपेपर्यंत आकड्यांवर विसंबता येत नाही.

आता मुख्य भोक बुजवा. जिथे लिहिता येतं तिथे युझर स्वतः नवा सबव्हॉल्यूम बनवू शकतो, आणि त्याला स्वतःचा, मर्यादा नसलेला क्यूग्रुप (जागा मोजणारा कोटा-गट) मिळतो. म्हणून होमच्या सबव्हॉल्यूमच्या क्यूग्रुपवर (समजा ०/२५७) मर्यादा लावून थांबू नका. युझर आयडी १००१ असेल तर १/१००१ हा वरचा गट बनवा, ०/२५७ त्यात जोडा आणि ४० जीबीची मर्यादा त्या गटावर लावा. समजा होममध्ये १० जीबी आहे आणि स्नॅपशॉट (त्या क्षणाची प्रत) घेऊन तोही गटात घातला. दोन्ही सबव्हॉल्यूम १०-१० दाखवतील, गट मात्र १०च दाखवेल, कारण सामाईक डेटा एकदाच मोजला जातो. मग युझरने होममधलं सगळं पुसलं तरी गटाचा आकडा १०वरून हलणार नाही. जागा स्नॅपशॉटने धरून ठेवलेली असते. हे युझरला आधीच सांगा, नाहीतर 'पुसलं तरी कोटा भरलेलाच' ही तक्रार येणारच. मोकळी जागा दाखवणारी 'डीएफ' आज्ञा ही मर्यादा दाखवत नाही आणि क्यूग्रुपचे आकडे पाहायला रूट (सर्वाधिकारी खातं) लागतो, त्यामुळे युझरला वाचता येईल अशा फाइलमध्ये ते रोज लिहून ठेवा.

नवा स्नॅपशॉट गटात आपोआप जातो असं गृहीत धरू नका. तुमच्या स्क्रिप्टमध्ये स्नॅपशॉट घेतानाच 'आय' पर्यायाने गट द्या, आणि पालक गट नसलेले क्यूग्रुप रोज शोधा.

पुसण्याचा हक्कही आधीच ठरवा. 'यूझर_सबव्हॉल_आरएम_अलाउड' हा माउंट पर्याय (फाइलसिस्टिम जोडताना द्यायचा) नसेल तर भरलेला सबव्हॉल्यूम थेट रूटच काढू शकतो. कर्नल ४.१८पासून रिकामा सबव्हॉल्यूम साध्या डिरेक्टरीसारखा काढता येतो, पण त्यासाठी आधी एकेक फाइल पुसत बसावं लागतं. पर्याय देणं बरं. मात्र तो अख्ख्या फाइलसिस्टिमला लागू होतो. फक्त-वाचनीय स्नॅपशॉट असेल तर युझरला आधी तो गुणधर्म काढावा लागतो.

स्नॅपशॉटमध्ये परवानग्याही गोठतात. काल ०६४४ (सगळ्यांना वाचता येणारी) असलेली गुप्त किल्लीची फाइल आज ०६०० (फक्त मालकाला) केलीत तरी कालच्या स्नॅपशॉटमध्ये ती उघडीच राहते. जुन्या, दोष असलेल्या सेटयूआयडी (मालकाच्या हक्काने चालणाऱ्या) प्रोग्रॅमचंही तसंच. म्हणून सिस्टिमच्या स्नॅपशॉटची डिरेक्टरी रूटच्या मालकीची आणि ०७०० हवी.

शेवटी चाचणी युझरने लॉगिन करून मर्यादेपलीकडे फाइल लिहून पाहा. कोटा संपल्याची त्रुटी आली पाहिजे. मग त्याच युझरने नवा सबव्हॉल्यूम बनवून त्यात पुन्हा लिहा. हे लिखाण अडलं नाही, तर तो सबव्हॉल्यूम गटाबाहेर आहे.