फायरवॉल उठेना, दोष निघाला अ‍ॅडॅप्टरचा
वीज जाऊन आली आणि ऑफिसचा फायरवॉल (नेटवर्कची राखण करणारा डबा) काही उठेना. दिवा लागायचा, पण नेट नाही. कन्सोल केबल लावून पुटी (डब्याचे संदेश दाखवणारा प्रोग्रॅम) उघडलं. 9600 च्या वेगावर नुसता कचरा, 115200 केल्यावर अक्षरं दिसली. बूटलोडर (सुरुवात करून देणारा छोटा प्रोग्रॅम) यायचा, कर्नल (सिस्टिमचा गाभा) चढता चढता पुन्हा पहिल्यापासून. फ्लॅश मेमरी गेली असं समजून सिस्टिमची नवीन इमेज टाकायला बसलोच होतो. अ‍ॅडॅप्टर तर आधीच मोजला होता, चोख 12 व्होल्ट! पण तो मोकळा मोजलेला, तिथेच फसलो. डबा जोडून मोजला तर बूट होताना 9 पर्यंत घसरत होता. कपाटातला जुना 12 व्होल्ट, 3 अँपिअरचा काढला, पिनचा मधला भाग पॉझिटिव्ह असल्याची खात्री केली, लावला. थोड्याच वेळात लॉगिन आलं. लगेच कॉन्फिगचा (सगळ्या सेटिंग्जचा) बॅकअप घेतला. आधीचा आठ महिने जुना होता, कुणाला सांगू नका.